घरटी एक माणूस

रोह्याजवळच्या वरसेतल्या त्या पिवळ्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, शकू स्वयंपाकाला होती. राहायलाही तिथेच, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि नवरा कुठे असतो असं कोणी विचारलंच तर ती पोळी लाटता लाटता सांगायची, "बांधावर गेलाय." नव्या माणसाला वाटायचं, सकाळी गेला असेल, जेवायच्या वेळेला येईल. जनू बांधावर गेला त्याला वीसेक वर्षं होऊन गेली होती. जुन्यांना ते ठाऊक होतं, आणि जुने पुन्हा विचारत नसत.

तेव्हापासून शकूने रोहा सोडलं नव्हतं. बाजार, धावीर महाराजांचं देऊळ आणि घर. तिच्या चपला कधी झिजायच्याच नाहीत. तोंडाने मात्र ती सगळा पेण तालुका फिरवून आणायची. कोणत्या वळणावर कोणतं झाड, कोणत्या पारावर कोण म्हातारा बसतो, कोणती वाट भरतीत बुडते, हे असं सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई कालच जाऊन आली. आपल्याकडे घरकोंबड्यालाच जगाच्या वाटा पाठ असतात, त्यातलीच ती गत.

शिमगा उरकला आणि घरात मनाली आली. भंडाऱ्याकडची, विशीच्या आतबाहेरची, अंगाने काटकुळी. घरच्या बाई म्हणजे वैशालीताई. नवऱ्याच्या कंपनीमुळे त्या दोन वर्षं जर्मनीत राहून आल्या होत्या. नवरा अजून तिकडेच होता, आणि येताना त्यांनी बरंच काही आणलं होतं: कॉफीचं मशीन, कचऱ्याचे तीन रंगांचे डबे, आणि 'ओ-पेअर' हा शब्द. त्यांच्या तीन वर्षांच्या किमयाला सांभाळायला आलेली मनाली ही आया नव्हे, ओ-पेअर. म्हणजे काय, तर घरातच राहायचं, टेबलावर बरोबरीने जेवायचं आणि रविवारी सुट्टी घेऊन आसपासचा मुलूख बघायचा.

"शकूमावशी, ती नोकर नाही हं. घरचं माणूस आहे ती," वैशालीताईंनी बजावलं.

इतकी वर्षं मी हितं राबते, मग मी कोण, असं शकूच्या अगदी ओठावर आलं होतं. पण बाई मनाने वाईट नव्हत्या. उत्साह तेवढा जास्त होता.

पहिल्याच रविवारी वैशालीताईंनी मनालीला अवचितगड सांगितला, कुड्याची लेणी सांगितली, कोलाडला नदीत रबरी होडीतून जायला सांगितलं. पोरगी सगळ्याला मान डोलावून गॅलरीत कपडे वाळत घालत बसली.

"काय गो, जायचा नाय?" शकूने विचारलं.

"एकटीनं गडावर जाऊन काय करू, मावशी? दगडं तर आमच्याकडे बी आहेत. मले माणसं पाहायची आहेत. तुमी सांगा ना कुठं जाऊ ते."

शकूला ही पोर तिथेच आवडली. ती पदराला हात पुसून जमिनीवर बसली आणि बोटाने फरशीवर वाट काढून दाखवू लागली. "मग जोह्याला जा. माजा माहेर. गाडीने हमरापूरला उतर, कोण पन जोह्याची वाट सांगेल. गावात शिरलीस की जांभळीखाली कुडाचा कारखाना दिसेल, तिथं पुंडलिकमामा गणपतीचं डोळं काढतो. मामा डोळं काढताना आवाज करू नको हां, मारायला धावतो."

मनाली गेली आणि मग शकूने जीभ चावली. पुंडलिकमामा कधीच वारला होता. त्याच्या मातीलाही तिला जाववलं नव्हतं. बोलण्याच्या ओघात मेलेल्या माणसाला आपण 'काढतो' म्हणालो. असू दे, मामाचा मुलगा असेल तिथे, असं म्हणून तिने कुकर लावला.

संध्याकाळी मनाली आली ती चेहरा उजळूनच. "मस्त होतं, मावशी! तुमी सांगितलं तसंच. जांभळीखाली कुडाचा कारखाना, सगळे गणपती डोळ्यांविना बसलेले. मामांच्या हाताला करंगळी नाही ना? मी शिंकली तर कुंचला घेऊन अंगावर धावले. मग हसले. हे दिलं तुमच्यासाठी. म्हणाले, शकू लहानपणी चोरायची."

तिने ओंजळ उघडली. आत शाडूचा बोटभर उंदीर होता, नुकताच वळलेला.

मामाची करंगळी शकूच्या लहानपणीच गेली होती. त्याच्या मुलाची दहाही बोटं धड होती. उंदीर शकूने आपल्या खोलीत देवापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर माती ओली. तिसऱ्या दिवशीही ओली. बाहेर कपडे तासाभरात कडक वाळत होते, आणि उंदराच्या पाठीवर तिच्या बोटाचा ठसा उमटत होता.

पुढच्या रविवारी तिने मुद्दाम साधं ठिकाण सांगितलं. जिते स्टेशन. फलाटाच्या टोकाला चिंच, चिंचेखाली विठूची टपरी. "त्याची कांदाभजी खा, चहा पी न परत ये. विठू हाय अजून. खुटखुटीत माणूस, त्याला काय होतंय," असं ती म्हणाली खरी, पण ते मनालीपेक्षा स्वतःलाच सांगितल्यासारखं.

मनाली भजी खाऊन आली. म्हाताऱ्याने चहा देताना विचारलं म्हणाली, "सासरी चाललीस का माहेरी?" शकूला हसू आलं. जित्याला उतरणाऱ्या प्रत्येक बाईला विठू हेच विचारायचा, मग ती सात वर्षांची असो की सत्तरीची. चला, म्हणजे विठू आहे. तिला हायसं वाटलं.

ते हायसं वाटणं दोन दिवस टिकलं. प्रविण रिक्षावाला भाजीची पिशवी वर घेऊन आला. त्याची सासुरवाडी जित्याची. शकूने सहज विचारलं, "विठूचा बरा चाललाय ना रं?"

"कोण विठू? टपरीवाला? मावशी, तू पन ना! तो जाऊन किती वर्षं झाली. मंग दुसरी लाईन आली तेव्हा टपरी पन गेली न चिंच पन गेली. तिथं आता नुसता भराव हाय. कोण बसल तिथं?"

शकूने पिशवीतली वांगी एकेक करून बाहेर काढली, पुन्हा पिशवीत भरली आणि पुन्हा बाहेर काढली.

मनालीला तिने काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? पोर घाबरली नव्हती, आजारी पडली नव्हती, उलट गालावर जरा मांस चढलं होतं. मोबाईलच्या नकाशावर बघून ती कुठे गेली असती तर तिला भराव दिसला असता. पण ती शकूच्या तोंडच्या वाटेने चालत होती, आणि शकूच्या तोंडी चिंच अजून उभी होती. ज्या वाटेवर शकूने स्वतः वीस वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं, ती वाट ही परकी पोर तुडवून येत होती. शकूला पहिल्यांदा भीती वाटली. भीतीच्या मागून जे मनात आलं ते भीतीहून वाईट होतं. त्याने तिची झोप गेली.

ते काय होतं हे कळायला बेलखार माहीत पाहिजे. बेलखार म्हणजे शकूचं सासर, पेणच्या पश्चिमेला खारेपाटातलं गाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात, आणि मधे चिखलाचा बांध. बांध आहे तोवर भात गोड. उधाणाच्या भरतीला बांध फुटला, म्हणजे खांड पडली, की गावात हाळी यायची, आणि घरटी एक माणूस बाहेर पडायचा. ओळ लावून चिखलाची घमेली हातोहात पुढे द्यायची, पाणी ओसरेपर्यंत. ओळ तुटता कामा नये, हा एकच नियम. दमलास तर बदली यायची, ती तुझ्याच घरची. बदलीने भाकरी घेऊन यायचं, मोठ्याने घराचं नाव सांगायचं आणि तुझ्या हातातलं घमेलं आपल्या हातात घ्यायचं. मग तू सुटलास. सुटलेला माणूस सरळ घरी जातो. बदली आली नाही तर उभं राहायचं.

शकू गणपतीला माहेरी गेली होती तेव्हा हाळी आली. घरात नवराबायको दोघंच, मूलबाळ नाही, सासूसासरे आधीच गेलेले. जनू गेला. पहाटे बांध गेला आणि ओळीतले तिघे गेले. दोघे दुसऱ्या दिवशी चिखलात सापडले. जनू सापडला नाही. शेतात खारं पाणी शिरलं ते शिरलंच. गाव उठून हायवेच्या कडेला आलं आणि बेलखारात कांदळवन माजलं. नणंद पुतळी म्हणाली, वहिनी, दर्भाचा माणूस करून जाळू, त्याला मोकळं करू. शकू म्हणाली, "मोकळा कसा व्हईल? बदली गेलीच नाय ना त्याची." लोकांनी तिला वेडी ठरवलं. ती रोह्याला आली आणि दुसऱ्यांच्या भाकऱ्या थापू लागली.

जनूची आठवण म्हणजे फार मोठं काही नव्हतं. तो तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचा तेव्हा खालून हात घालायचा, अलगद, तिच्या बांगड्यांना धक्का न लावता. आणि जेवताना ताटात चतकोर भाकरी ठेवायचा, शकूसाठी. पोट भरलं नसलं तरी ठेवायचा. एवढ्याशा गोष्टींवर एका बाईने वीस वर्षं काढली.

तर मनात आलेलं वाईट ते हे. पोर जोह्याला पोचली, जित्याला पोचली, तर बेलखारलाही पोचेल. नुसतं बघून येईल, बांधावर कोणी उभं आहे का. एवढंच. एकदा कळलं की कुंकू ठेवायचं की पुसायचं ते ठरेल.

"बेलखारला जा या रविवारी," ती मनालीला म्हणाली. आवाज तिचा तिलाच गोड गोड वाटला, लबाडासारखा. "पक्षी येतात तिथं, लांब पायांचं. बांधावरनं लांबवर खाडी दिसते. लय छान जागा."

"होव, मावशी. सांगा वाट."

शकूने वाट सांगितली. वडापाशी उतर, मिठागराच्या कडेने चाल, शेवटचं घर आमचं, दारात शेवगा, तिथून सरळ बांध. सकाळी उठून तिने तांदळाच्या दोन भाकऱ्या थापल्या, वर सुक्या जवळ्याची चटणी घातली आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून दिल्या. बांधावर रिकाम्या हाताने कोणी जात नाही. आणि पोर परकी, कोणी हटकलं तर? म्हणून दारातून हाक मारून आणखी सांगितलं, "कोण काय बोलला तर सांग, शकूच्या घरची हाय. मंग कोण काय नाय करणार."

हे तिने जाणूनबुजून केलं का? नाही. खारेपाटातली कोणतीही बाई हेच करती. हातांनी आपली सवय केली आणि तोंडाने आपली. खारेपाटातल्या बाईला तिथीही विचारावी लागत नाही, भरती तिच्या अंगात वाजते. पण इतकी वर्षं नळाच्या पाण्यावर काढून शकूला तेवढं एक विसरायला झालं होतं. त्या रविवारी अमावास्या होती, उधाणाची भरती.

उन्हं वर आली. शकू ताटात डाळ वाढत होती. किमया टेबलाखाली बसून रडू लागली, "मनाली कधी येनाल?"

"येईल गं, सोनू," वैशालीताई आतून म्हणाल्या. "जाईल कुठे? घरचंच माणूस आहे ना ती आता."

शकूच्या हातातला डाव खाली पडला.

घरचं माणूस. भाकरी. नाव. ती तशीच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. तारखेच्या चौकटीत काळा गोल होता. आपण पोरीला फिरायला धाडलेलं नाही. आपण बदली धाडली आहे.

"फोन लावा तिला! ताई, आधी फोन लावा!"

वैशालीताईंनी घाबरून फोन लावला. तिकडून उचलला गेला, पण कोणी बोलेना. स्पीकरमधून नुसता आवाज येत होता. थप्. जरा वेळाने पुन्हा, थप्. ओला चिखल चिखलावर पडतो तसा. त्याच्या मागे पाणी.

"नेटवर्क नाहीये वाटतं," वैशालीताई म्हणाल्या.

शकूने आपलं ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं, ते तसंच राहिलं. पायात चपला अडकवून "बांधावर जाते" एवढंच ओरडत ती जिना उतरली आणि प्रविणच्या रिक्षात जाऊन बसली. प्रविण म्हणाला, एवढ्या लांब रिक्षा जात नाही, गॅस पुरणार नाही, घरी जेवायला थांबलेत. शकूने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने रिक्षा सुरू केली.

नागोठणं गेलं, पेण गेलं. शकू बाहेर बघत होती आणि तिला काही ओळखू येत नव्हतं. पूल नवे, रस्ते चौपट रुंद, डोंगराला खरवडून काढलेलं. वडाच्या जागी पेट्रोल पंप होता. मिठागरं पडीक होती. "हितनं उजवीकडं," ती झाडांशिवाय, घरांशिवाय, नुसत्या अंगाने वाट ओळखत सांगत होती. मग डांबर संपलं, मग खडी संपली आणि रिक्षा थांबली. पुढे कांदळवन होतं, आणि कांदळवनात हळूहळू, आवाज न करता, पाणी चढत होतं. भर दुपार. पक्षी एकही नाही.

"मावशी," प्रविण हलक्या आवाजात म्हणाला, "ती बघ."

जुन्या बांधाचा एक तुकडा पाण्याबाहेर उरला होता, बैलगाडीएवढा. त्यावर मनाली उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखलात. एकटीच. ती डावीकडे वळायची, हवेतून काहीतरी घ्यायची, वाकायची तेवढ्या वजनाने, उजवीकडे वळायची आणि हवेत काहीतरी द्यायची. पुन्हा डावीकडे. तिचे डोळे उघडे होते आणि जोह्याच्या कारखान्यातल्या गणपतींसारखे कोरे होते. तिचे हात रिकामे झाले की कुठेतरी चिखल पडल्याचा आवाज यायचा. थप्.

प्रविण रामाचं नाव घेऊ लागला. शकू पाण्यात उतरली. वाट बुडालेली होती, पण पाय कुठे टाकायचा ते पायांना माहीत होतं. कमरेएवढ्या पाण्यातून ती ओरडली, तसा आवाज तिच्या घशातून कधी निघाला नव्हता, "बदली आली वो! शकूच्या घरचा माणूस आला!"

हात थांबले नाहीत. बांधावर चढून ती मनालीच्या समोर उभी राहिली. पोर डावीकडून ओझं घेऊन वळली, आणि शकूने तिच्या रिकाम्या हातांखाली आपले हात धरले. "ठेव बाय. दे माज्याकडं. मी आली."

आणि ओझं हातात आलं. खरंखुरं, थंडगार, चिखलाने भरलेलं घमेलं. दिसत काही नव्हतं, पण शकूचे खांदे खाली गेले. मनाली मट्‌कन खाली बसली, डोळ्यांची उघडझाप करू लागली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

"मावशी, एक काका होते. भाकरी पाहून म्हणाले, आली का बदली. मी घमेलं घेतलं न ते बसून जेवले. मले म्हणाले, शकू कुठं राहते? मी पत्ता सांगितला. गाडीनं रोह्याला उतरा, वरसेला मोबाईलच्या टॉवरमागं पिवळी इमारत, दुसरा मजला. चुकलं का माझं?"

जनू सुटला होता. जनू शकूकडे निघाला होता, या पोरीने सांगितलेल्या नव्या खुणांवरून. आणि ती इथे, ओझं हातात, ओळीत. सोडून पळावं असं तिला वाटलं, इतकं वाटलं की पाय उचललाही गेला. पण तिने ओळ तोडली असती तर ओझं पुन्हा पोरीच्याच हातात गेलं असतं, बदली तिच्या नावावर होती. तिने पाय परत चिखलात रोवला.

"नाय गो, चुकला नाय काय. प्रविण! हिला घेऊन जा गाडीत. मागं बघू नका."

प्रविणने पाण्यात उतरून पोरीला खांद्यावर घेतलं. मग शकू उभी राहिली. डावीकडून घ्यायचं, उजवीकडे द्यायचं. डावीकडचे हात कोणाचे, हे तिला बघायचं नव्हतं. सापडलेले दोघे तिच्या गावचे होते, एकाचं लग्न ठरलेलं होतं. तिने डोळे गच्च मिटले. पाणी छातीपर्यंत आलं, थांबलं. खांदे भरून आले, मग बधिर झाले. उन्हाचा चटका पाठीवरून मानेवर आला. किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. आणि मग एकदा, डावीकडून घेतलेलं ओझं ती उजवीकडे वळवत असताना, ते हातातून उचललं गेलं. अलगद. डोळे उघडले तर हात रिकामे होते, समोर कोणी नव्हतं आणि चिखलावरून पाणी मागे सरकत होतं. ओहोटी लागली, सुटलो, असं ती मनात म्हणाली आणि लटपटत किनाऱ्याला आली.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. मनाली वाटेत झोपून गेली होती. वैशालीताईंनी दोघींचा अवतार बघितला आणि ओरडायला तोंड उघडलं, पण शकूच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. "तुमच्या गावाकडचे कोणी आले होते, मावशी. तुम्ही गेल्यावर थोड्याच वेळाने."

शकू दाराची चौकट धरून उभी राहिली.

"पाय चिखलाने भरलेले. मी म्हटलं आत या, तर म्हणाले, नको, फरशी खराब होईल. दारातच बसले. उन्हातून आलेला माणूस, म्हणून तुमचं झाकलेलं ताट होतं तेच दिलं त्यांना. किमया त्यांच्याशी किती गप्पा मारत होती! तुमची चौकशी केली. मी म्हटलं, बांधावर जाते म्हणून गेल्यात. तर ताटावरून उठलेच. म्हणाले, घरचा माणूस बांधावर हाय न मी हितं कसा बसू? बदलीला जायला पायजे. आणि गेले पण. बराच वेळ झाला त्याला."

शकूने आपले हात पुढे धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. अलगद उचललं गेलं होतं. खालून हात घालून. हातात काचेच्या बांगड्या होत्या, एकही वाजली नव्हती. ओहोटी नव्हे, तो होता. वीतभर अंतरावर उभा होता, आणि तिने डोळे मिटून घेतले होते.

"तोंड बघितला असता," ती म्हणाली. "निस्ता तोंड बघितला असता गो मी." आणि ती उंबऱ्यावरच बसून मोठ्याने रडली, वीस वर्षांत रडली नव्हती इतकी. ताट तिथेच होतं, भिंतीशी सरकवलेलं. डाळ-भात पुसून खाल्लेला. कडेला चतकोर भाकरी ठेवलेली. शकूने ती उचलून खाल्ली. ती खारट लागली.

ओझं आता पुन्हा जनूच्या हातात होतं. पुढे तिने कुंकू पुसलं नाही आणि दर्भाचा माणूसही जाळला नाही. पुढच्याच आठवड्यात मनालीने, जरा चाचरतच, विचारलं, "मावशी, मी रविवारी कुठं जाऊ?"

"अवचितगडला जा. ताई सांगतात तो. मोबाईलवर बघून जा," शकू म्हणाली. "माज्या तोंडाच्या वाटंवर तू आता पाय ठेवायचा नाय."

पौर्णिमा आली तशी तिने वैशालीताईंकडे एका दिवसाची रजा मागितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ताईंना आनंद झाला. त्या म्हणाल्या, "छान! फिरून या, मावशी. जेवायला परत याल ना?"

"मी नाय आली तर माज्या घरचा माणूस येल. त्याला आत घ्या, फरशीचा बघू नका," शकू म्हणाली. त्या हसल्या. शकू हसली नाही. तिने फडक्यात दोन भाकऱ्या बांधल्या, चपला दारातच ठेवल्या आणि जिना उतरताना मनाशी पक्कं केलं, की या खेपेला ओझं हातात घेताना डोळे मिटायचे नाहीत.